मुद्दल, व्याज आणि मास्तर

इंदूरहून धारच्या रस्त्याला लागले की तासाभराच्या आत बेटमा येते. गुरू नानकांच्या वास्तव्याची आठवण सांगणारा गुरुद्वारा, जैन मंदिर, चहूकडे माळव्याची काळी जमीन. एके काळी होळकरांच्या राज्यातले हे गाव आज इंदूर जिल्ह्याच्या देपालपूर तहसिलीत मोडते. इथल्या एखाद्या मुलीने शिक्षिका व्हायचे ठरवले आणि ती इंदूरला बी.एड.साठी गेली, तर तिच्या पदवीच्या कागदावर देवी अहिल्या विश्वविद्यालयाचे नाव असते. १९६४ मध्ये हे विद्यापीठ निघाले तेव्हा ते नुसते इंदूर विद्यापीठ होते. अहिल्याबाईंना जाऊन दोनशे वर्षे होत आली तेव्हा, १९८८ मध्ये, त्यांचे नाव विद्यापीठाला दिले गेले.

गेलेल्या माणसाचे नाव शिक्षणाला जोडण्याची रीत मराठी मुलखात जुनी आहे. घाट बांधावा, अन्नछत्र घालावे, देवळात नंदादीप लावावा, तशीच गरीब विद्यार्थ्यासाठी रक्कम लावून द्यावी. फरक एवढाच, की नंदादीपाला तेल घातले की काम झाले; शिष्यवृत्तीला अटी घालाव्या लागतात. कोणाला द्यायची, कोणत्या विषयासाठी, किती वर्षे, कोणती परीक्षा घेऊन. दात्याचे नाव पाटीवर राहते आणि त्याच्या पैशावर शिकून मास्तर कोण होणार हे त्या अटी ठरवतात. त्या अटींकडे नीट पाहिले की मराठी शिक्षक कोणत्या घरांतून आला आणि कोणत्या घरांतून बराच काळ येऊ शकला नाही, याचा बराचसा उलगडा होतो.

सुरुवात तळेगावला करावी लागते. सेनापती खंडेराव दाभाडे श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. १७२९ मध्ये ते वारले. त्यांचा मुलगा त्र्यंबकराव १७३१ मध्ये डभईच्या रणांगणावर पहिल्या बाजीरावाशी लढताना पडला आणि त्यानंतर दक्षिणेचा हा सोहळा पेशव्यांनी पुण्याला आणला. ज्या घराण्याचा कर्ता लढाईत मारला, त्याच घराण्याचे पुण्यकर्म आपल्या खर्चाने चालू ठेवायचे, यात राजकारण होतेच. थोडे प्रायश्चित्तही असावे. पुढे पुण्याच्या श्रावणमासी दक्षिणेला दूरदूरचे ब्राह्मण येऊ लागले, पर्वतीच्या पायथ्याशी दक्षिणावाटपाचे आवार, म्हणजे रमणा, उभा राहिला आणि खर्चाचे आकडे लाखांत गेले.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. कंपनी सरकारचा अधिकारी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा धोरणी माणूस. त्याने दक्षिणा एकदम तोडली नाही, वर्षाला सुमारे ५०,००० रुपयांवर आणून ठेवली. ६ ऑक्टोबर १८२१ रोजी पुण्याच्या विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली, तिचा खर्चही याच पैशातून निघाला. दान म्हणून वाटला जाणारा पैसा पहिल्यांदा पगार आणि विद्यावेतन म्हणून वाटला जाऊ लागला. घेणारे मात्र तेच राहिले.

त्या घेणाऱ्यांच्या यादीला पहिला धक्का १८४९ मध्ये बसला. दक्षिणेच्या रकमेतला काही भाग मराठीत उपयुक्त पुस्तके लिहिणाऱ्यांना बक्षीस म्हणून द्यावा, मग लेखक कोणत्याही जातीचा असो, असा अर्ज पुण्यातल्या ३९ जणांनी सरकारकडे केला. लोकहितवादी त्या मंडळींत होते. सनातनी मंडळी खवळली. अर्जदारांना मारहाण होण्याची चिन्हे दिसू लागली. तेव्हा जोतीराव फुले कष्टकरी वस्त्यांतली शे-दोनशे माणसे घेऊन त्यांच्या रक्षणाला उभे राहिले. लेखणीवाल्यांच्या अर्जाला लाठीवाल्यांनी संरक्षण दिल्याचा हा प्रसंग मराठी शिक्षणाच्या इतिहासात जितका सांगितला जायला हवा तितका सांगितला जात नाही. १८५१ पासून दक्षिणा प्राइझ कमिटी मराठी ग्रंथांना बक्षिसे देऊ लागली आणि फुल्यांनी चालवलेल्या शाळांनाही याच फंडातून मदत मिळू लागली. श्रावणातल्या रमण्यासाठी राखलेला पैसा मुलींच्या शाळेपर्यंत पोहोचायला एकशेवीस वर्षे लागली होती.

उरलेल्या रकमेतून निघाली ती दक्षिणा फेलोशिप. मराठी प्राध्यापकांची पहिली पिढी या फेलोशिपवर वाढली, म्हणून तिच्याकडे जरा थांबून पाहायला हवे. फेलो हा अर्धा विद्यार्थी आणि अर्धा शिक्षक. स्वतः पुढच्या परीक्षेचा अभ्यास करायचा आणि खालच्या वर्गांना शिकवायचे. त्याबद्दल दरमहा ठरलेली रक्कम. मालवणात जन्मलेले रामकृष्ण गोपाळ भांडारकर १८५९ मध्ये दक्षिणा फेलो झाले. ते मुळात इंग्रजी वळणाचे, गणितात रमणारे विद्यार्थी. संस्कृतकडे ते नेटाने वळले ते फेलोशिपच्या काळात, शिक्षण खात्याच्या हॉवर्डसाहेबाच्या सांगण्यावरून. पुढे हैदराबाद (सिंध) आणि रत्नागिरी इथे हेडमास्तर, मग एल्फिन्स्टन आणि डेक्कन कॉलेजात प्राध्यापक. ज्यांच्या नावाने पुण्यातली प्राच्यविद्या संशोधन संस्था चालते, त्यांचे संस्कृतचे शिक्षण पाठशाळेच्या चटईवर बसून झालेले नाही. ते फेलोशिपच्या महिन्याच्या पैशांवर झालेले आहे.

महादेव गोविंद रानड्यांचेही तसेच. ज्युनिअर फेलो म्हणून दरमहा ६० रुपये, नंतर सीनिअर झाल्यावर १२० रुपये. निफाडच्या एका कारकुनाच्या मुलाला बी.ए., एम.ए. होईपर्यंत त्याचा आधार होता. न्यायमूर्ती म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत. पण न्यायखात्यात स्थिरावण्याआधी ते एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवत होते, हे सहसा विसरले जाते.

मुंबईत हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सुटत होता. तिथे पेशव्यांचा खजिना नव्हता, व्यापाऱ्यांच्या पेढ्या होत्या, आणि स्मारक म्हणजे वर्गणी हे समीकरण तिथल्या शेटमंडळींनी लवकर शिकून घेतले. १८२७ मध्ये एल्फिन्स्टन गव्हर्नरपद सोडून निघाले तेव्हा शहराने दोन लाखांहून अधिक रुपये जमवले. पुतळा, तसबीर हे नेहमीचे प्रकार होतेच, पण या रकमेतून इंग्रजी, शास्त्रे आणि कला शिकवणारे प्राध्यापक नेमावेत असे ठरले. पुढच्याच वर्षी मुंबईच्या सुप्रीम कोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर एडवर्ड वेस्ट वारले. त्यांच्या स्मरणार्थ एतद्देशीय नागरिकांनी वेस्ट शिष्यवृत्त्या उभ्या केल्या. गव्हर्नर अर्ल ऑफ क्लेअर यांच्या नावाच्या शिष्यवृत्त्या त्यापाठोपाठ आल्या. या शहरातल्या स्मारक-शिष्यवृत्त्यांच्या वंशावळीत ही दोन नावे अगदी वरची.

क्लेअर शिष्यवृत्ती मिळवणाऱ्यांत एक पारशी मुलगा होता, दादाभाई नौरोजी. वडील लहानपणीच गेलेले, आई शिकवण्यावर ठाम. मुंबईचे न्यायाधीश सर अर्स्किन पेरी यांनी त्याला कायदा शिकायला विलायतेला पाठवण्याचा अर्धा खर्च देऊ केला, उरलेला अर्धा समाजाने द्यावा अशी अट घातली. मुलगा तिकडे जाऊन ख्रिस्ती झाला तर, या धास्तीने पारशी पुढाऱ्यांनी हात आखडता घेतला. मग दादाभाई एल्फिन्स्टनमध्येच शिक्षक झाले आणि १८५० च्या दशकाच्या मध्यावर तिथे गणिताचे पहिले भारतीय प्राध्यापक. समाजाने तेव्हा पैसे दिले असते तर मुंबईला एक वकील मिळाला असता.

१८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि या सगळ्याला एक साचा मिळाला. दात्याने रक्कम सरकारी कर्जरोख्यांत घालून विद्यापीठाच्या स्वाधीन करायची. मुद्दलाला हात लावायचा नाही. साडेतीन-चार टक्के व्याज येईल त्यातून शिष्यवृत्ती, पदक किंवा पुस्तकांचे बक्षीस. दात्याचे पत्र अटींसकट विद्यापीठाच्या कॅलेंडरात छापले जाई. ही जुनी कॅलेंडरे चाळायला मोठी मौजेची असतात: कुणाला संस्कृतात पहिला आलेलाच हवा, कुणाला अमुक प्रांतातला, कुणाला अमुक जातीचा, कुणाला बाईच हवी. गुजराती सावकार, पारशी सर, स्कॉटिश पाद्री, वारलेल्या आया आणि मुलगे, सगळे एका जिल्दीत शेजारी शेजारी. स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांच्या नावाने भाषाशास्त्राची व्याख्यानमाला निघाली; १८७७ मध्ये तिची पहिली व्याख्याने दिली ती भांडारकरांनी. दक्षिणेवर वाढलेला माणूस आता दुसऱ्याच्या नावाच्या निधीवर व्याख्याने देत होता.

या सगळ्यांत मराठी घरांत सर्वाधिक बोलले गेलेले नाव जगन्नाथ शंकरशेटांचे. मुरबाडचे हे नाना शंकरशेट ३१ जुलै १८६५ रोजी वारले. मॅट्रिकला संस्कृतात अव्वल येणाऱ्यांसाठी त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती ठेवली गेली. 'शंकरशेट मिळाली' एवढे म्हटले की पुढे काही सांगावे लागत नसे. आज या नावामागचा एक उपरोध कुणाच्या ध्यानात येत नाही. शंकरशेट दैवज्ञ, म्हणजे सोनार. १७७९ मध्ये पेशव्यांच्या सांगण्यावरून कंपनी सरकारने मुंबईच्या सोनारांना 'नमस्कार' हा शब्द उच्चारायला बंदी घालणारा हुकूम काढला होता. ज्या जातीला ब्राह्मणांसारखा नमस्कार करण्याची मुभा नव्हती, तिच्यातल्या माणसाच्या नावाने संस्कृतातला सर्वांत मानाचा पुरस्कार चालला आणि तो बहुतेक वेळा ब्राह्मण मुलांनी घेतला.

त्या मुलांतला एक असा, की ज्याचे अवघे शिक्षण स्मारक-शिष्यवृत्त्यांच्या पायऱ्यांवरून वर गेले: वामन शिवराम आपटे. जन्म १८५८ चा, सावंतवाडी संस्थानातला. आठव्या वर्षी वडील गेले. आई दोन मुलांना घेऊन कोल्हापूरला आली आणि तिचाही तिथेच अंत झाला. पोरक्या वामनाकडे कोल्हापूरच्या हायस्कुलाचे हेडमास्तर महादेव मोरेश्वर कुंटे यांचे लक्ष गेले. हे कुंटे म्हणजे 'राजा शिवाजी' काव्याचे कर्ते, स्वभावाने उग्र, पण हुशार मुलगा दिसला की त्याला सोडायचे नाहीत. १८७३ मध्ये वामन मॅट्रिक झाला आणि शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवून पुण्याला डेक्कन कॉलेजात गेला. तिथे जर्मन पंडित फ्रान्झ कीलहॉर्न शिकवायला. १८७७ मध्ये बी.ए., सोबत भाऊ दाजी पारितोषिक. १८७९ मध्ये एम.ए., सोबत भगवानदास शिष्यवृत्ती.

यातले भाऊ दाजी नाव जरा उलगडून पाहावे. डॉ. भाऊ दाजी लाड गोव्यातल्या मांद्रे गावचे. डॉक्टर होण्याआधी एल्फिन्स्टनमध्ये शिक्षक होते. काठेवाडातल्या बालहत्येवर निबंध लिहून त्यांनी ६०० रुपयांचे बक्षीस मिळवले होते. १८७४ मध्ये ते वारले आणि त्यांच्या नावाचे संस्कृत पारितोषिक निघाले. तीनच वर्षांनी ते आपट्यांच्या हाती पडले. एका माजी मास्तराच्या स्मारकाचा पैसा एका भावी मास्तराच्या उपयोगी पडला, इतका सरळ हिशेब इतिहासात क्वचित जुळतो.

एम.ए. झालेल्या आपट्यांना सरकारी नोकरी सहज मिळाली असती. त्यांनी विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८८० मध्ये काढलेल्या न्यू इंग्लिश स्कुलात मास्तरकी पत्करली. लवकरच शाळेचा कारभार त्यांच्या हाती आला. २ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले, त्याचेही पहिले प्राचार्य आपटेच. कॉलेज चालवता चालवता, वर्गात शिकवता शिकवता त्यांनी १८९० मध्ये संस्कृत-इंग्रजी कोश छापून काढला. भारतात कुठेही संस्कृत शिकणाऱ्याच्या हाताशी हा कोश आजही सापडतो. कोश निघाल्यावर दोनच वर्षांनी, १८९२ च्या ऑगस्टमध्ये, ते वारले. वय अवघे ३४.

शिष्यवृत्तीची साखळी मात्र तुटली नाही. महाडचे शिवराम महादेव परांजपे चिपळूणकर-टिळकांच्या त्याच शाळेत शिकले. १८८४ च्या मॅट्रिकला त्यांनी शंकरशेट मिळवली, पुढे एम.ए.ला भगवानदास. काही काळ ते पुण्यात संस्कृतचे प्राध्यापक होते. 'काळ' साप्ताहिकाचे कर्ते शिवरामपंत नंतरचे. पुढच्या पिढीतले पांडुरंग वामन काणे १९०१ मध्ये बी.ए.ला भाऊ दाजी पारितोषिकाचे मानकरी झाले आणि पुढे सरकारी शाळेत मास्तर म्हणून लागले. धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणाऱ्या या भारतरत्नाच्या आयुष्याची पहिली वर्षे रत्नागिरीच्या आणि मुंबईच्या हायस्कुलातल्या फळ्यासमोर गेली.

आपट्यांच्या जागी फर्ग्युसनचे प्राचार्य झाले गोपाळ गणेश आगरकर. त्यांची कहाणी तशी सर्वांच्या तोंडी आहे: टेंभूचे दारिद्र्य, कराडहून रत्नागिरीला पायी जाणे, अकोल्यात विष्णु मोरेश्वर महाजनींसारख्या शिक्षकाचा आधार, डेक्कन कॉलेजात एकाच सदऱ्यावर काढलेले दिवस. तिथे शेवटच्या टप्प्यात त्यांनाही दक्षिणा फेलोशिपने हात दिला. एम.ए. होऊन मोठा पगार मिळवीन अशी आशा धरू नकोस, पोटापुरते मिळवून उरलेला वेळ लोकांच्या कामी लावणार आहे, अशा अर्थाचे पत्र त्यांनी आईला लिहिले, तेही त्याच सुमाराचे. इंदूरच्या होळकर दरबाराने देऊ केलेली मोठ्या पगाराची जागा आगरकरांनी नाकारल्याचे त्यांच्या चरित्रांत वाचायला मिळते. होळकर राज्य तेव्हा दक्षिणेतल्या शिकलेल्या माणसांसाठी हमखास ठिकाण होते: दरबारात मराठी, शाळाखात्यात मराठी माणसे, पगार पुण्यापेक्षा चांगला. १८८७ मध्ये इंदूरला ख्रिश्चन कॉलेज निघाले आणि १० जून १८९१ रोजी शिवाजीराव होळकरांनी होळकर कॉलेज उघडले. बेटम्यासारख्या परगण्याच्या गावातल्या मुलाला पदवीसाठी पुण्या-मुंबईकडे तोंड करण्याची गरज त्यानंतर उरली नाही.

इथवर आलेली सगळी नावे पाहिली तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. संस्कृतात पहिला येण्याची अट कागदावर सर्वांना सारखी. पण ज्याच्या घरी लहानपणी अमरकोश पाठ होतो आणि ज्याच्या सावलीचाही विटाळ मानला जातो, ते दोघे त्या परीक्षेला एका रेषेवरून धावत नव्हते. दात्यांच्या मनात वाईट नव्हते. शंकरशेट आणि भाऊ दाजी तर मुलींच्या शाळांचे खंदे पाठीराखे. पण विषय निवडला की विद्यार्थी आपोआप निवडला जातो. मग दुसऱ्या बाजूने वेगळे निधी उभे राहू लागले.

पुण्याचे वकील गंगारामभाऊ म्हस्के यांनी मराठा विद्यार्थ्यांसाठी डेक्कन मराठा एज्युकेशन असोसिएशन काढली. जमखंडीहून फर्ग्युसनला आलेल्या विठ्ठल रामजी शिंद्यांना तिची शिष्यवृत्ती मिळाली. पुढे बडोद्याचे सयाजीराव गायकवाड मदतीला आले, ऑक्सफर्डचे शिक्षण झाले आणि १८ ऑक्टोबर १९०६ रोजी शिंद्यांनी डिप्रेस्ड क्लासेस मिशन स्थापन केले. या मिशनला पुण्यात शाळा, वसतिगृह आणि कामकाजासाठी वास्तू हवी होती. तिसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंदूरहून २०,००० रुपये दिले आणि नाना पेठेतल्या त्या वास्तूचे नाव झाले अहिल्याश्रम. ज्या पुण्यात श्रावणात फक्त ब्राह्मणांना पैसा वाटला जाई, तिथे अहिल्याबाईंच्या नावाने अस्पृश्य मुलांच्या शिक्षणाला इंदूरचा पैसा आला. विद्यापीठाला अहिल्याबाईंचे नाव मिळण्याच्या सत्तर-पंचाहत्तर वर्षे आधीची ही गोष्ट.

बेटम्याच्या दक्षिणेला, त्याच जिल्ह्यात, महू आहे. होळकर कॉलेज उघडण्याच्या दोन महिने आधी, १४ एप्रिल १८९१ रोजी, तिथल्या छावणीत भीमराव आंबेडकरांचा जन्म झाला. त्यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ स्वतः शिक्षक. पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कुलात तयार झालेले आणि पलटणीच्या शाळेत बरीच वर्षे हेडमास्तर राहिलेले. सैन्याने आपल्या सोयीसाठी काढलेल्या या नॉर्मल स्कुलाने जातीकडे न पाहता मास्तर घडवले, आणि कुणा दात्याची पाटी त्यावर नव्हती. मुलाला सयाजीरावांनी आधी कॉलेजसाठी दरमहा २५ रुपये दिले, मग १९१३ मध्ये अमेरिकेसाठी दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे. बदल्यात बडोद्यात दहा वर्षे नोकरीचा करार. करार पुरा झाला नाही, बडोद्यात राहायला घर मिळाले नाही. नोव्हेंबर १९१८ मध्ये आंबेडकर मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि त्या पगारातून पैसे साठवून १९२० मध्ये लंडनचे अर्धवट शिक्षण पुरे करायला गेले. शिष्यवृत्ती संपल्यावर मास्तरकीचा पगारच त्यांची शिष्यवृत्ती झाला.

मुलींची वाट आणखी निराळी. मराठी शाळांना बायका शिक्षक मिळत नसत, कारण शिकलेल्या बायकाच मोजक्या, आणि त्यांतल्या घराबाहेर पडू शकणाऱ्या बहुधा विधवा. पुण्यात १८७० मध्ये फिमेल ट्रेनिंग कॉलेज निघाले. रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या सेवासदनाने आणि धोंडो केशव कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेने शिक्षिका तयार करणे हेच मुख्य काम मानले. हिंगण्याला १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षिकांसाठी अध्यापिका शाळा निघाली. कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाख रुपये दिले. अट एकच मोठी: आईचे नाव. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. एस.एन.डी.टी. या चार अक्षरांत एका मुलाने आईचे स्मारक केले आहे, हे तिथे शिकलेल्या कितीतरी मुलींनाही ठाऊक नसते.

साताऱ्यात भाऊराव पाटलांकडे लाख नव्हते, हजारही नव्हते. वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही. १९२४ मध्ये सुरू झालेल्या त्या वसतिगृहाला दोन वर्षांपूर्वी वारलेल्या शाहू महाराजांचे नाव मिळाले. महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे नामकरण १९२७ मध्ये झाले. १९३५ मध्ये बादशहाच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवाचे निमित्त साधून भाऊरावांनी शिक्षकांसाठी सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज काढले. बादशहाच्या नावाने सरकारी अडथळे कमी होतात हे ते ओळखून होते. तेच पुढे महात्मा फुले अध्यापक विद्यालय झाले. लक्ष्मीबाई १९३० मध्ये वारल्या, आणि त्यांच्या नावाने भाऊरावांच्या रयत शिक्षण संस्थेच्या सेवकांनी शिक्षणोत्तेजक पतपेढी उभी केली. दाभाडे, पेशवे, शेट, सर आणि संस्थानिक यांच्यानंतर आता मास्तरच आपल्या पगारातून स्मारकनिधी उभारू लागले. एका पिढीतला मास्तर पुढच्या पिढीच्या मास्तरासाठी वर्गणी काढतो, तेव्हा अटींची भाषा बदलते. 'पहिला आला पाहिजे' याऐवजी 'शिकायला पैसा नसला पाहिजे' असे लिहिले जाते.

स्वातंत्र्यानंतर मॅट्रिकची परीक्षा विद्यापीठाकडून शालान्त मंडळाकडे गेली. शंकरशेटांचे नाव टिकले. महाराष्ट्रात दहावीला संस्कृतात पहिल्या येणाऱ्याला आजही ते मिळते. जुन्या निधींना पोखरले ते महागाईने. साडेतीन टक्क्यांच्या कर्जरोख्यांवर उभ्या राहिलेल्या कित्येक शिष्यवृत्त्यांच्या व्याजात एके काळी वर्षभराचे राहणे-जेवणे निघे. आता ते प्रमाणपत्रासोबत द्यायच्या लहानशा रकमेवर आले आहे. मुद्दल न मोडण्याचा नियम ज्या दात्यांनी कळकळीने घातला, त्यांना रुपया स्वतःच मोडत जाईल याचा अंदाज नव्हता.

नवे दातेही बहुधा बक्षिसाकडेच वळतात. आजीच्या नावाने पदक, वडिलांच्या नावाने पहिल्या येणाऱ्याला रोख रक्कम, वार्षिक समारंभात एक छायाचित्र. शिक्षक होऊ पाहणाऱ्याची अडचण मात्र दर महिन्याची असते, आणि तीही वाढली आहे: २०१५ पासून बी.एड. एक वर्षाऐवजी दोन वर्षांचे झाले. म्हणजे फी दुप्पट, इंदूरला राहण्याचा किंवा बेटम्याहून रोज जाण्या-येण्याचा खर्च दुप्पट, आणि सराव पाठांच्या महिन्यांत दुसरीकडे कमाई बंद. दक्षिणा फेलोला पैसे निकालाच्या दिवशी मिळत नसत. ते महिन्याच्या महिन्याला मिळत, वर्षानुवर्षे मिळत, आणि त्या काळात त्याने वर्गावर उभे राहून शिकवावे हा नेमणुकीचाच भाग असे. बी.एड.च्या विद्यार्थ्याला सराव पाठ घ्यावे लागतात, पण त्यांचा पगार मिळत नाही.